ड्रॅग नेमका कुठे वाचला? बडोद्यातल्या एका प्रोजेक्टचा हिशोब

बडोद्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीचं हे प्रकरण. तिचा विषय होता विमानाच्या शेपटीवरच्या उभ्या पंखावर हवेचे बारीक झोत सोडून प्रवाह ताब्यात ठेवणं, म्हणजेच अ‍ॅक्टिव्ह फ्लो कंट्रोल. मॉडेल तयार झालं, विंड टनेलमध्ये, म्हणजे वारा सोडून मॉडेल तपासायच्या बोगद्यात, रीडिंग घेऊन झाली आणि पोस्टरवर ठळक अक्षरांत एकच निष्कर्ष आला: ‘ड्रॅग ३० टक्के कमी’, म्हणजे हवेचा मागे ओढणारा विरोध तेवढा कमी. छापायला टाकण्याआधी तिने ते दोघांना दाखवलं. एक मी. फ्लुइड मेकॅनिक्स शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे अशी मुलं दांडिया बाजारातल्या माझ्या घरी येत असतात. दुसरे तिचे मामा. मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत त्यांची कॉम्प्रेसर दुरुस्तीची शेड आहे आणि प्रोजेक्टला लागलेली सगळी हवा त्यांच्याच मशीनची होती.

मामांनी पोस्टर वाचलं आणि विचारलं, “अगं, ह्यात माझा कॉम्प्रेसर कुठे लिहिलायस?”

“मामा, तो ड्रॅगमध्ये नाही धरत. तो बाहेर आहे.”

“बाहेर म्हणजे? विमानात तो कुठे ठेवणार?”

ह्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता प्रोजेक्टचा निष्कर्षच बदलला. तो कसा बदलला ते सविस्तर लिहितो आहे, कारण ह्या विषयावर काम करणाऱ्या बहुतेक मुलांची गाडी ह्याच ठिकाणी अडते. खालचे आकडे हिशोब हाताने करता यावा म्हणून गोल केले आहेत.

मॉडेल साधं होतं. सममित छेदाचा उभा पंख, कॉर्ड (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचं अंतर) २०० मिलिमीटर, उंची ३०० मिलिमीटर, मागच्या भागात रडर, म्हणजे डावी-उजवीकडे वळणारी झडप. रडर ३० अंशांवर वळवून पक्कं केलेलं. टनेलमध्ये वारा सेकंदाला २० मीटर. बडोद्याच्या उन्हाळ्यात हवेची घनता घनमीटरला साधारण १.१५ किलो धरली, तर गतिज दाब (निम्मी घनता गुणिले वेगाचा वर्ग) गुणिले क्षेत्रफळ हा आकडा १३.८ न्यूटन येतो. पुढचं सगळं ह्याच मापाने मोजायचं आहे.

रडर इतकं वळवलं की त्याच्या पाठीमागच्या बाजूला काय होतं? पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा घर्षणाने आधीच मंदावलेली असते. रडरच्या वळणावरून पुढे जाताना तिला वाढत्या दाबाविरुद्ध चढायचं असतं आणि तेवढी गती तिच्याकडे उरलेली नसते. ती थांबते, उलटी फिरते, आणि तिच्यावरून जाणारा प्रवाह पृष्ठभाग सोडून देतो. मागे रुंद, घुसळलेला पट्टा राहतो. ड्रॅग वाढतो, पण त्याहून वाईट म्हणजे रडरचा कडेचा जोर, म्हणजे शेपटीला बाजूला ढकलणारं बळ, वाढायचा थांबतो. लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत सीमास्तराची, म्हणजे पृष्ठभागालगतच्या ह्या मंदावलेल्या थराची, कल्पना मांडली. त्याच निबंधात त्यांनी वृत्तचितीच्या पृष्ठभागावरच्या फटीतून थोडं द्रव शोषून घेतलं की प्रवाह चिकटून राहतो हेही दाखवलं होतं. म्हणजे सीमास्तर समजला आणि तो ताब्यात ठेवण्याचा पहिला प्रयोग झाला, दोन्ही एकाच वेळी. मला ह्या गोष्टीचं अजूनही अप्रूप वाटतं.

ह्या मुलीने शोषण न घेता फुंकणं निवडलं, तेही डोलणाऱ्या झोतांचं. सरळ नळीतून हवा सोडली तर ती एका रेषेत जाते आणि दोन नळ्यांमधला भाग कोरडा राहतो. डोलणारा झोत देणारा कप्पा वेगळा असतो. मधली पोकळी, दोन्ही बाजूंना परत फिरणारे अरुंद मार्ग आणि समोर पसरट तोंड. आत शिरलेला झोत कोआंडा परिणामामुळे एका भिंतीला चिकटतो. त्यातली थोडी हवा त्या बाजूच्या परतीच्या मार्गाने मागे येते, झोताच्या मुळाशी ढकलते, आणि झोत दुसऱ्या भिंतीवर जाऊन चिकटतो. मग तिकडून तेच. हलणारा एकही भाग नाही, वीज नाही, व्हॉल्व्ह नाही. फक्त दाब द्यायचा, आणि झोत सेकंदाला शेकडो वेळा इकडून तिकडे डोलतो. थोड्या हवेत जास्त रुंदी झाकली जाते आणि प्रवाहाच्या दिशेने भोवरे तयार होऊन वरची वेगवान हवा पृष्ठभागापर्यंत खाली ओढली जाते.

असे सहा कप्पे तिने २ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅक्रिलिकमधून लेझरवर कापून घेतले. प्रत्येकाचा गळा १ मिलिमीटर रुंद, म्हणजे सहांचं मिळून तोंड १२ चौरस मिलिमीटर. ते रडरच्या बिजागरीच्या रेषेवर बसवले. कापकाम मन लावून केलेलं आहे. कप्प्यांच्या कडा मी नखाने तपासल्या, कुठेही वितळलेला काठ नाही. एवढ्या बारीक गळ्यात तसा काठ राहिला तर झोत एकाच भिंतीला चिकटून बसतो.

झोताचा वेग सेकंदाला १०० मीटर. म्हणजे मिनिटाला ७२ लिटर हवा, वस्तुमानात सेकंदाला सुमारे १.४ ग्रॅम. झोतांचा संवेग ०.१४ न्यूटन, म्हणजे १३.८ च्या बरोबर एक टक्का. ह्या गुणोत्तराला संवेग गुणांक म्हणतात आणि असल्या प्रयोगांची तुलना त्यावरूनच होते. एक टक्क्यात प्रवाह चिकटला, हे तिचं यश खरंखुरं आहे. धुराच्या रेषांत ते डोळ्यांनी दिसत होतं.

आता रीडिंग. झोत बंद असताना ड्रॅग १.६ न्यूटन, चालू असताना १.१. फरक अर्धा न्यूटन. पोस्टरवरचे ३० टक्के इथून आले.

पहिली काटछाट बॅलन्सच्या, म्हणजे मॉडेलवरचं बळ मोजणाऱ्या काट्याच्या, बाजूने. मॉडेल बॅलन्सवर उभं आहे आणि त्याला बाहेरून हवेची नळी जोडलेली आहे. नळीत दाब भरला की ती ताठ होते, सरळ व्हायला बघते आणि मॉडेलला ढकलते किंवा ओढते. हे बळ बॅलन्सला वाऱ्याच्या बळापासून वेगळं ओळखता येत नाही. त्यावर उपाय ठरलेला आहे: वारा बंद ठेवून फक्त झोत चालू करायचे आणि रीडिंग घ्यायचं. मग झोताची तोंडं चिकटपट्टीने बंद करून तेवढाच दाब द्यायचा आणि पुन्हा रीडिंग. दुसऱ्यात फक्त नळीचा ताण येतो, पहिल्यात ताण अधिक झोताचा धक्का. मुलीने दोन्ही रीडिंग घेतली होती, वहीत तारखेनिशी लिहिलेली होती. नळीचा ताण तिने वजाही केला होता. राहिला होता झोताचा धक्का. झोत मागच्या दिशेने सुटतो म्हणून तो मॉडेलला पुढे ढकलतो. ३० अंशांच्या तिरपेपणामुळे त्यातले साधारण ०.१२ न्यूटन ड्रॅगच्या रेषेत पडतात. हा प्रवाह चिकटल्याचा फायदा नव्हे; हे छोटंसं जेट इंजिन आहे. ते काढलं की अर्ध्या न्यूटनचे ०.३८ राहतात, आणि ३० टक्क्यांचे २४.

दुसरी काटछाट मामांच्या बाजूने. ०.३८ न्यूटन गुणिले २० मीटर प्रतिसेकंद म्हणजे वाचलेली शक्ती साडेसात वॅट. झोतांत जी गतिज ऊर्जा दर सेकंदाला जाते ती जवळपास ७ वॅट. इथेच वाचवलेलं आणि खर्चलेलं जवळजवळ सारखं झालं. पण ७ वॅट हा झोताच्या तोंडाशी असलेला आकडा आहे. भिंतीतल्या सॉकेटमधून मामांचा एक हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर ७५० वॅट घेत होता. साडेसात वॅट वाचवायला साडेसातशे.

मुलगी गप्प झाली. मामा मात्र आता तिच्या बाजूने बोलू लागले. त्यांचं म्हणणं असं की ह्यात झोताचा दोष कमी आणि हवा देण्याच्या पद्धतीचा जास्त. “तू हवा सहा बारला दाबलीस आणि रेग्युलेटरने पुन्हा खाली आणलीस. मधला सगळा पैसा उष्णतेत गेला. तुला लागतो किती?” तिने हिशोब केला. १०० मीटरच्या झोताला आदर्श स्थितीत ५,७५० पास्कल पुरतात, म्हणजे ०.०६ बारही नाही. कप्प्याच्या आतलं नुकसान धरून तिप्पट घ्या, तरी पाव बारच्या आत. ह्याला पिस्टनचा कॉम्प्रेसर लागतच नाही, ब्लोअर लागतो. झोताचे ७ वॅट, नुकसानासह २१, आणि ब्लोअरची कार्यक्षमता तीसेक टक्के धरली तर सॉकेटमधून ७० वॅट. दाबलेली हवा ही कारखान्यातली सगळ्यात महाग ऊर्जा, हे मकरपुऱ्यात कुणालाही विचारा. विजेचा जेमतेम दहावा-आठवा भाग शेवटी कामाला येतो. ७५० वरून ७० वर येणं ही मोठीच सुधारणा. पण ७० सुद्धा साडेसातच्या नऊ पट आहेत. ड्रॅगच्या खात्यात प्रोजेक्ट तोट्यातच राहिला.

ह्या टप्प्यावर पुष्कळ जण विषयच सोडून देतात. मी तिला वहीतला दुसरा रकाना वाचायला सांगितला. तिचा बॅलन्स दोन दिशांचं बळ मोजतो, आणि कडेच्या जोराचा रकाना तिने भरला होता, पोस्टरवर मात्र घेतला नव्हता. झोत बंद असताना १२ न्यूटन, चालू असताना १४.

“सर, पण विषय ड्रॅग आहे ना? कडेचा जोर वाढला तर ड्रॅगचं काय?”

ह्याचं उत्तर विमानाला उभा पंख एवढा मोठा का असतो ह्यात आहे. विमान सरळ रेषेत शांतपणे जात असताना त्याला एवढ्या पंखाची गरज नसते. तो मोठा ठेवावा लागतो तो टेकऑफच्या वेळी एका बाजूचं इंजिन बंद पडलं तर काय, ह्या एका प्रसंगासाठी. वेग कमी आहे, चालू इंजिन पूर्ण जोरात आहे, विमान बंद इंजिनाच्या बाजूला वळू बघतंय, आणि ते सरळ ठेवायला रडर जवळजवळ पूर्ण वळवावं लागतं. उतरताना आडवा वारा असेल तेव्हाही गरज पडते, पण आकार सहसा पहिला प्रसंगच ठरवतो. त्या काही क्षणांसाठी बसवलेलं क्षेत्रफळ मग विमान तासन् तास घर्षण सोसत वाहून नेतं, पुढची वीस-पंचवीस वर्षं.

म्हणजे रडर ३० अंशांवर असताना ड्रॅग किती हा प्रश्नच गौण आहे. क्रूझमध्ये, म्हणजे उंचीवरच्या सरळ प्रवासात, रडर सरळ असतं, प्रवाह आपसूक चिकटलेला असतो, झोतांना तिथे काही कामच नाही. झोतांनी १२ चे १४ केले, तर १२ न्यूटन जोर बारा-चौदांश क्षेत्रफळात मिळेल. उभा पंख सुमारे १४ टक्के लहान करता येईल. आणि लहान पंखाचं घर्षण कमी, पूर्ण उड्डाणभर, झोत बंद असताना. ड्रॅग वाचतो तो झोताखाली वाचत नाही. झोत आहेत म्हणून जे क्षेत्रफळ बनवावं लागलंच नाही, तिथे वाचतो.

तिच्या मॉडेलवर हे किती? रडर सरळ असताना पंखाचा ड्रॅग ०.१७ न्यूटनच्या आसपास. त्याचे १४ टक्के म्हणजे ०.०२४ न्यूटन, वजनात अडीच ग्रॅमही नाही. तिच्या बॅलन्सला एवढा फरक दिसत नाही. पोस्टरवर छापलेला अर्धा न्यूटन स्पष्ट दिसत होता आणि उपयोगाचा नव्हता. खरी बचत इतकी लहान आहे की ती हिशोबानेच काढावी लागते.

दोन तासांच्या उड्डाणाचा हिशोब तिने तिथेच केला. ०.०२४ न्यूटन गुणिले २० म्हणजे अर्धा वॅट, दोन तासांत साडेतीन हजार ज्यूल. झोत दहा सेकंद चालवले तर ब्लोअरचे ७०० ज्यूल. पाचपट नफा, तेही प्रत्येक उड्डाणात झोत चालवले असं धरून. इंजिन काही रोज बंद पडत नाही. कॉम्प्रेसरने मात्र त्याच दहा सेकंदांचे साडेसात हजार घेतले असते. म्हणजे मामांची तक्रार दुसऱ्या हिशोबातही जिवंत राहिली: हवा कशी देता ह्यावर नफा-तोटा उलटतो.

हा मार्ग मोठ्या विमानावर तपासला गेलेला आहे. नासा आणि बोइंग यांनी निवृत्त झालेल्या ७५७ विमानाचा खरा, पूर्ण आकाराचा उभा पंख घेतला आणि २०१३ साली कॅलिफोर्नियात नासाच्याच एम्स केंद्राच्या ४० बाय ८० फुटांच्या विंड टनेलमध्ये उभा केला. रडरच्या पुढे असेच डोलणारे झोत. रडर ३० अंशांवर असताना कडेचा जोर २० टक्क्यांहून जास्त वाढला. २०१५ साली बोइंगच्या इकोडेमॉन्स्ट्रेटर ७५७ ह्या चाचणीच्या विमानावर ३१ झोत बसवून उड्डाणं झाली; तिथे वाढ १३ ते १६ टक्के अंदाजली गेली. टनेल आणि आकाश यांत एवढं अंतर पडणारच, आणि ते त्यांनी लपवलं नाही हे मला फार मोलाचं वाटतं. उभा पंख १७ टक्क्यांपर्यंत लहान करता येईल आणि इंधन अर्ध्या टक्क्यापर्यंत वाचेल, असा त्या कामातून निघालेला अंदाज आहे. अर्धा टक्का ऐकून मुलीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, एका विमानाचं आयुष्यभराचं इंधन डोळ्यांसमोर आण, मग त्याचा अर्धा टक्का काढ.

त्या विमानात हवा आली शेपटीतल्या सहायक पॉवर युनिटमधून, म्हणजे मुख्य इंजिनांहून वेगळ्या छोट्या इंजिनातून. ती फार तापलेली असते, म्हणून झोतांपर्यंत नेण्याआधी उष्णता विनिमयकातून थंड करावी लागली. म्हणजे नळ्या आल्या, विनिमयक आला, व्हॉल्व्ह आले, आणि हे सगळं वजन. मोठ्या जेट विमानाचं लिफ्ट-ड्रॅग गुणोत्तर (उचलणारं बळ भागिले ड्रॅग) १८ धरलं, तर वाहून नेलेल्या प्रत्येक किलोला क्रूझमध्ये अर्ध्या न्यूटनहून थोडा जास्त ड्रॅग पडतो. शंभर किलोची यंत्रणा बसवली की ५५ न्यूटन आधीच खर्च झाले. लहान पंखाने वजनही वाचतं, ते दुसऱ्या बाजूला मांडायचं. मामांच्या प्रश्नाचं हे खरं उत्तर: कॉम्प्रेसर विमानात कुठेही ठेवा, तो ड्रॅगमध्ये येतोच.

क्रूझमधलं घर्षण थेट कमी करण्याचा मार्गही आहे, शोषणाचा. पृष्ठभागावरच्या सूक्ष्म छिद्रांतून सीमास्तराची तळाची हवा आत ओढायची आणि प्रवाह शांत, थरांचा ठेवायचा. प्रवासी विमानाच्या क्रूझमधल्या ड्रॅगचा साधारण अर्धा भाग घर्षणाचाच असतो, त्यामुळे लालूच मोठी. १९६० च्या दशकात नॉर्थ्रॉपच्या एक्स-२१ विमानाच्या पंखांवर बारीक फटींतून हे करून पाहिलं गेलं. फटी स्वच्छ ठेवणं आणि किडे-धुळीपासून पृष्ठभाग गुळगुळीत राखणं हीच मोठी लढाई ठरली. आपल्याकडच्या मे महिन्याच्या धुळीत ते आणखी अवघड. तो स्वतंत्र विषय आहे, आणि त्याचा हिशोबही वेगळा, कारण तिथे यंत्रणा उड्डाणभर कामावर असते.

बडोद्याच्या मुलांना हा विषय लांबचा वाटू नये. सी-२९५ ह्या लष्करी मालवाहू विमानाची जुळणी इथेच होते. कारखान्याचं उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ ला झालं, आणि वायुदलाच्या ५६ पैकी ४० विमानं इथे बनायची आहेत. दोन टर्बोप्रॉप इंजिनं, आखूड धावपट्टीवरून उड्डाण. एक इंजिन बंद पडल्यावर विमान सरळ ठेवण्याचा प्रश्न अशा विमानाच्या शेपटीला चुकत नाही.

पोस्टर बदललं. नवा निष्कर्ष: ‘एक टक्का संवेग गुणांकात कडेचा जोर १२ वरून १४ न्यूटन, तेवढ्याच जोरासाठी पंखाचं क्षेत्रफळ १४ टक्के कमी’. खाली ऊर्जेचा तक्ता, त्यात कॉम्प्रेसर आणि ब्लोअर दोन्ही. ड्रॅगची ०.३८ न्यूटनची ओळही आहे, धक्का वजा करून, आणि ती का गौण आहे हे एका वाक्यात.

मामांनी आणखी एक पर्याय सुचवला: मशीन चालू ठेवूच नका, टाकी भरून ठेवा. २४ लिटरची टाकी ६ बारवरून ३ बारपर्यंत उतरली की ७२ लिटर हवा मिळते, म्हणजे ह्या मॉडेलला पूर्ण एक मिनिट. दहा सेकंदांच्या कामाला ते भरपूर झालं. शिवाय टाकी कुठल्याच इंजिनावर अवलंबून नाही. ही गोष्ट मला ऊर्जेच्या हिशोबाहून महत्त्वाची वाटते. झोत लागणार आहेत ते इंजिन बंद पडल्यावरच, आणि झोतांची हवा त्याच इंजिनातून येत असेल तर सगळी मांडणी पोकळ ठरते. लहान केलेला पंख झोतांशिवाय अपुरा आहे. म्हणून झोतांनी त्या क्षणी चालायलाच हवं. प्रमाणपत्र देणारी यंत्रणा पहिला प्रश्न हाच विचारेल.

पुढची रीडिंग त्यासाठीच ठरली आहेत. सहा कप्प्यांना हवा देणारी एकच नळी आता काढून दोन स्वतंत्र लाइन्स टाकायच्या. पहिलीवर १, ३, ५ आणि दुसरीवर २, ४, ६, म्हणजे एक लाइन गेली तरी झोत पंखाच्या पूर्ण उंचीवर पसरलेले राहतील. मग ओळीने पहिले तीन एका लाइनवर आणि शेवटचे तीन दुसरीवर, अशी जोडणी करून तुलना. एक लाइन मुद्दाम बंद ठेवून कडेचा जोर १२ न्यूटनच्या किती वर राहतो, तो आकडा हातात आला की पंख खरोखर किती लहान करता येईल ते ठरेल. तो १४ टक्क्यांहून कमीच येणार.